भट्टीबुवांची पाटी

४ जानेवारी

ताई,

काल तू फोन आपटलास तो आवाज अजून माझ्या कानात आहे. फोनवर तू ओरडतेस, मग मी ओरडतो, आणि आमची ही कानात बोटं घालून स्वयंपाकघरात निघून जाते. म्हणून कागद घेतला. इथे तुला माझं वाक्य मधेच तोडता येणार नाही.

गेलं वर्षभर माझं काय झालं होतं ते तुला माहीत आहे. शिडीच्या चार पायऱ्या चढलो की पाचवीवर बसावंसं वाटायचं. संध्याकाळी ब्रश धुवायचासुद्धा कंटाळा. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सगळं ठीक आहे म्हणाले, झोप घ्या, वजन उतरवा. सगळं ठीक असलेला माणूस भर दुपारी अर्ध्या रंगवलेल्या पाटीसमोर पेंगतो का गं? डॉक्टर माझ्याशी बोलले ते दाराच्या मुठीवर हात ठेवून. काल ज्यांच्यावरून आपण भांडलो त्या आहारवाल्या सरांनी मात्र पाऊण तास बसून माझं सगळं ऐकून घेतलं. असं कुणी ऐकलं नव्हतं.

सरांचं म्हणणं सोपं आहे. शरीर म्हणजे भट्टी, आणि माझी विझत आली होती. ती पेटवायला दूध, साखर, संत्र्याचा रस, मीठ आणि रोज एक कच्चं गाजर. बियांची तेलं बंद, पालेभाज्या बंद. सकाळी उठल्याबरोबर काखेत थर्मामीटर, मग नाडी. दोन्ही वर चढले की भट्टी पेटली.

सोबत त्यांचं पुस्तक पाठवतोय. मागे चारशे संदर्भ आहेत, मोजून घे. तू जन्मभर वैद्यकीय मासिकात बसून मोठमोठ्या डॉक्टरांचे संदर्भ तपासलेस, भल्याभल्यांना रडवलंस. आता हेही तपास. पुस्तक खोटं निघालं तर सोडीन, शब्द देतो. पण आधी वाच आणि मग बोल.

तुझा,
पेंटर

---

२२ जानेवारी

पेंटरसाहेब,

वाचलं. पहिल्या पानावरच्या फोटोसकट वाचलं. त्यात तुझे सर हातात संत्रं धरून असे बघतायत, जणू ते त्यांनीच शोधून काढलं. यापुढे मी त्यांना भट्टीबुवा म्हणणार आहे. राग आला तर दोन घोट रस पी.

आता तुझे चारशे संदर्भ. दोनदोनदा आलेले मी आधी काढले. मग बुवांच्या स्वतःच्याच पत्रिकेतले काढले, कारण माणूस स्वतःचीच साक्ष काढायला लागला की त्याला पुरावा म्हणत नाहीत, बडबड म्हणतात. उरले त्यांतले जे ग्रंथालयात मिळाले ते उघडून वाचले. हे बुवांना अपेक्षित नसावं. त्यांच्या मते संदर्भ हे दिवाणखान्यातल्या शोभेच्या कपबश्यांसारखे असतात, लांबून बघायचे.

'साखरेने भट्टी पेटते हे सिद्ध झाले आहे.' कुणाची? उंदरांची. तेही गारठ्यात ठेवलेल्या उंदरांची. एवढासा जीव, थंडीत नुसती ऊब टिकवायला त्याची अर्धी ताकद जाते, तो मिळेल ते जाळणारच. तू उंदीर नाहीस, निदान लहानपणी तरी नव्हतास. शिवाय तू पांघरूण घेऊन झोपतोस.

'बियांचे तेल पेशी मारते.' काचेच्या बशीतल्या पेशींवर तेल ओतलं आणि त्या मेल्या. अरे, बशीतली पेशी साबणाने मरते, मिठाने मरते, बुवांच्या संत्र्याच्या रसानेही मरेल. त्यावरून तुझ्या ताटाबद्दल काय कळलं? माणसांवर वर्षानुवर्षं चाललेले मोठे अभ्यास आहेत, ते नेमके बुवांच्या विरुद्ध जातात. त्यांतला एकही पुस्तकात नाही. विसरले असतील बिचारे.

गाजराची तर गंमतच आहे. मूठभर बायकांना गाजर खायला दिलं, तुलनेला दुसरा गट नाही, मोजलं काहीतरी तिसरंच. लेखकांनी शेवटी प्रामाणिकपणे लिहिलंय की यावरून निष्कर्ष काढू नये. बुवांनी ते एक वाक्य सोडून बाकी सगळं उचललं. आणखी एका ठिकाणी तर मूळ लेख सरळ उलट सांगतो. आमच्या मासिकात कुणी असं केलं असतं तर मी त्याचा लेख त्याच्याच हातांनी फाडायला लावला असता.

आणि काखेतलं थर्मामीटर! अंगाचं तापमान सकाळी वेगळं, संध्याकाळी वेगळं, काखेत वेगळं, तोंडात वेगळं. बुवांची भट्टी म्हणजे गळ्यातली थायरॉइड ग्रंथी. ती मंद आहे की नाही हे रक्त सांगतं, आणि तुझं रक्त ठीक होतं. मग भट्टी विझल्याची बातमी आली कुठून? काखेतून.

दूध पी, फळं खा, त्याला कोण नको म्हणतं? पाऊण तास कुणी मन लावून ऐकलं तर कुणालाही बरं वाटतं, तेही मान्य. पण ते श्रेय कानाचं आहे, गाजराचं नाही.

शेवटच्या पानावर 'ज्वाला' नावाच्या गोळ्यांची जाहिरात आहे. 'ग्रंथींचा नैसर्गिक अर्क' म्हणे. घेत नाहीस ना?

शब्द दिलायस. सोड आता.

ताई

---

३ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र हिने मोठ्याने वाचलं आणि उंदराच्या जागी इतकी हसली की मी उठून बाहेर गेलो.

मी शब्द दिला होता, नाही म्हणत नाही. पण तू पुस्तक खोटं ठरवलंस, मला कसं खोटं ठरवशील? सर म्हणतात, कागदावरच्या पुराव्यापेक्षा अंगावरचा पुरावा मोठा. मग ऐक. माझं सकाळचं तापमान जवळजवळ एका अंशाने वर गेलंय. नाडी पूर्वी सत्तरच्या आत असायची, आता बसल्या जागी शंभराला टेकते. भूक अशी की जेवून उठलो की पुन्हा बसावंसं वाटतं, आणि तरी पँटच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली! सगळे थंडीचे कपडे घालून फिरतात आणि मी बनियनवर. पहाटेच जाग येते ती टक्क. डॉक्टर म्हणाले होते ना वजन उतरवा? उतरवलं. साखर खाऊन उतरवलं! आता बोल.

सरांनी माझा अनुभव पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत घ्यायचं ठरवलंय, फोटोसकट. 'एका पेंटरची पेटलेली भट्टी.' शिवाय त्यांच्या नव्या केंद्राची पाटी मीच रंगवणार आहे. भली मोठी आहे, रस्त्याच्या त्या टोकावरून वाचता येईल अशी.

गोळ्यांचं काय ते सोड. ते एवढं महत्त्वाचं नाही.

पेंटर

---

१२ फेब्रुवारी

पेंटरसाहेब,

शाब्बास. पुस्तक आपटल्यावर आता स्वतःला पुढे केलंस. बुवांनी शिकवण चांगली दिली आहे.

एकदा नीट समजून घे, पुन्हा सांगणार नाही. एकट्याच्या अनुभवावरून निष्कर्ष काढता येत नाही. तुझं तापमान चढलं, बरं मग? थर्मामीटर बदललंस? काखेत किती वेळ धरलंस? चढलेलं बघायची घाई झाली म्हणून जास्त वेळ तर नाही ना धरलंस? उत्साहात माणसाची नाडीही उडते. नवीन खूळ लागलं की पहिले दोन महिने सगळ्यांचंच वजन उतरतं, मग दुप्पट होऊन परत येतं. असे 'मला फरक पडला' वाले आमच्या मासिकाकडे पोत्याने पत्रं पाठवायचे. आम्ही ती उघडायचोही नाही.

तेव्हा कृपा कर आणि यापुढे तुझे आकडे मला पाठवू नकोस. माझ्या लेखी त्यांची किंमत शून्य आहे. ते बुवांना पाठव, त्यांना फोटोखाली छापायला उपयोगी पडतील.

आणि अक्षराचं काय केलंस रे? अक्षरावर पोट भरणारा माणूस तू, आणि मला कोंबडीने लिहिल्यासारखं पत्र पाठवतोस? टेबलावर बसून लिहीत जा. रिक्षात बसून लिहिल्यासारखं दिसतंय.

ताई

---

१९ मार्च

ताई,

उत्तर द्यायचं नव्हतं, पण ही म्हणाली नुसतं खुशालीचं तरी टाका.

खुशाल आहे. आकडे तुला नको आहेत, तर नाही पाठवत. तुला मी लहानपणापासून ठोंब्याच वाटत आलोय. चूक माझी नाही, निदान या वेळी तरी नाही.

तुझ्या वाढदिवसाला येणार नाही. गाडीत फार उकडतं.

पेंटर

---

२ एप्रिल

वन्सं,

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, काय लिहायचं ते फोनवरच व्हायचं. पण आता फोन केला की हे बाजूला येऊन उभे राहतात, आणि 'ताईला काही सांगायचं नाही, तिला माझे आकडे चालत नाहीत' असं बजावतात. तुम्ही असं खरंच म्हणालात का? मला वाटलं होतं, यांनी रागाच्या भरात पदरचं घातलेलं असेल. पण तुमचं पत्र वाचलं, आहे तसं.

आकडे मी लिहीत नाही. डोळ्यांना दिसतंय ते लिहिते. यांचे हात थरथरतात. कपातला चहा बशीत, बशीतला शर्टवर. जिना चढून आले की भिंतीला धरून उभे राहतात आणि छातीवर हात ठेवून म्हणतात, 'बघ, भट्टी कशी धडधडतेय!' खुशीने म्हणतात हो. मध्ये एकदा त्यांच्या छातीला कान लावला तर ठोका सरळ नव्हताच, थांबत, पळत, पुन्हा थांबत. रात्रभर पंख्याखाली असतात. गालफडं बसली आहेत. भांडण करायला तर निमित्तच लागत नाही, काल मीठ हातात द्यायला उशीर झाला म्हणून बरणी आपटली. हा माणूस असा नव्हता.

सरांना मी स्वतः जाऊन विचारलं. ते म्हणाले, 'जुना थंडावा बाहेर पडतोय, गोळ्या वाढवा.' हो, त्या गोळ्या. डिसेंबरपासून घेतात, आता दुप्पट. तुम्हाला सांगितलं नसणार.

सरांच्या केंद्राची पाटी गेल्या आठवड्यात लागली. 'चैतन्य ऊर्जा केंद्र.' यांनी आयुष्यात अशी पाटी रंगवली नव्हती. एकही रेघ सरळ नाही, सगळी अक्षरं थंडी वाजल्यासारखी. मी बघितली आणि मला रडू आलं. सर म्हणाले, अक्षरांत कंप आहे, ऊर्जा आहे, अगदी हवी होती तशी. यांना ते खरं वाटलं.

डॉक्टरकडे यायला ते तयार नाहीत. माझं ऐकत नाहीत. तुमचंही ऐकणार नाहीत, पण तुम्हाला चिडवता येतं त्यांना. काहीतरी करा.

तुमची भावजय

---

४ एप्रिल

पेंटर,

फोन केला, माझा आवाज ऐकून तू ठेवलास. फिट्टंफाट झाली. तुझ्या बायकोला मी फोनवर सांगून ठेवलंय की तुला चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर कुणालाही न विचारता, तुलासुद्धा न विचारता, इस्पितळात न्यायचं. हे पत्र मी तिच्या भावाच्या हाती पाठवतेय. तो समोर बसेल. वाचून झाल्याशिवाय तो उठणार नाही, त्याला मी तसं सांगितलंय.

तुझी तीनही पत्रं काढून टेबलावर ओळीने ठेवली. जानेवारीतलं अक्षर पाटीवर शोभेल असं आहे. फेब्रुवारीतलं हललंय. मार्चमधलं तर मी भिंग घेऊन वाचलं. ही थरथर माझ्या हातात होती आणि मी तुला टेबलावर बसून लिही म्हणून सुनावलं. तापमान चढलं, नाडी शंभर, घाम, भूक, वजन खाली, झोप नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानेही ही यादी ऐकून मान वर केली असती. मी म्हटलं, किंमत शून्य. गोळ्यांबद्दल विचारलं होतं, तू टाळलंस, आणि मीही पुन्हा विचारलं नाही, कारण मला तुझा पाणउतारा करायची घाई होती. बुवांचं पुस्तक तपासण्यात मी इतकी रंगले की तुला तपासायचं राहिलं. स्वतःचा इतका राग मला याआधी आला नव्हता.

तुझे आकडे भट्टीबुवांच्या शास्त्राचा पुरावा नव्हते, आजही नाहीत. पण ते तुझे होते रे. तुझ्या अंगात काय चाललंय त्याचा तेवढाच पुरावा होता, आणि तो खरा होता.

आता ऐक. 'ग्रंथींचा अर्क' म्हणजे काय असू शकतं ते मला माहीत आहे. जनावराची थायरॉइड ग्रंथी वाळवून कुटलेली असली, तर त्या गोळीने भट्टी पेटत नाही, घर पेटतं. तुझ्या रक्तात ते दिसेल. पण तू म्हणशील ताई बोलते आणि बोलतच राहते. म्हणून एक पैज लावते.

अंगावरचा पुरावा मोठा म्हणालास ना? मग तो अंगावरचा पुरावा घेऊन उद्या रक्त दे. थायरॉइडची एक तपासणी आणि हृदयाचा एक आलेख, बास. दोन्ही ठीक आले, तर बुवांच्या नव्या आवृत्तीला मी प्रस्तावना लिहीन. माझ्या पूर्ण नावाने, मासिकातल्या पदासकट. माझ्याकडे नावाशिवाय दुसरं काही नाही, आणि ते मी कुणाला फुकट दिलेलं नाही, तुला माहीत आहे. बुवा आनंदाने उड्या मारतील. मला साऱ्या जगापुढे तोंडघशी पाडायची अशी संधी तुला पुन्हा मिळायची नाही.

घाबरत असशील तर जाऊ नकोस. मग मी समजेन की भट्टीबुवांवर तुझाच विश्वास नाही.

ताई

---

२७ एप्रिल

ताई,

पैज तू जिंकलीस. हसू नकोस, मला अजून हसलं की धाप लागते.

तुझी प्रस्तावना मिळवायला म्हणून मी अक्षरशः धावत गेलो. आलेख काढणारी मुलगी कागद बघून म्हणाली, 'काका, उठू नका.' तिथूनच मला चाकांच्या खुर्चीत घातलं आणि वर नेलं. थायरॉइडचा आकडा असा आला की डॉक्टरांनी प्रयोगशाळेला पुन्हा विचारून घेतलं. गोळ्या त्यांनी मागून घेतल्या आणि तपासायला पाठवल्या. तुझा अंदाज बरोबर होता. ठोका आता औषधावर सरळ चालतो, पण डॉक्टर म्हणाले, आणखी महिनाभर त्या गोळ्या घेतल्या असत्या तर हृदयाने कधीही दगा दिला असता. या वेळचे डॉक्टर बसून बोलले, हेही लिहितो. चार दिवस झाले, घरी आहे. मीठ मिळालं नाही तरी बरणी आपटत नाही, हिला विचार.

आता तुला आवडेल अशी गोष्ट सांगतो. इस्पितळातून मी सरांना कळवलं. वाटलं, धावत येतील, निदान बाकीच्यांच्या गोळ्या तरी थांबवतील. त्यांचं उत्तर आलं. जसंच्या तसं लिहितो: 'आपण प्रमाण चुकवले असावे. एकट्याच्या अनुभवावरून निष्कर्ष काढता येत नाही.'

ताई, माझा फोटो त्यांच्या नव्या आवृत्तीत छापून तयार आहे! त्यात माझ्या एकट्याच्या अनुभवावरून केवढा निष्कर्ष काढलाय! मी तो कागद उशीखाली ठेवला. मला राग यायला हवा होता. लाज वाटली.

औषधाने हात थांबायला वेळ लागेल म्हणतात. हे पत्र मी सांगतोय आणि ही लिहितेय, त्यामुळे अक्षर सुरेख आहे, तक्रार करू नकोस. हात थांबला की पहिलं एक काम करायचंय. सरांच्या दारावरची ती पाटी. काल रिक्षातून येताना बघितली. लाज वाटते गं, माझी ओळख आहे त्या रस्त्यावर. कोपऱ्यात माझी सही आहे. डबा घेऊन जातो आणि पुसून टाकतो, किंवा नीट करून देतो. काय करू?

तुझा,
पेंटर

---

३ मे

ठोंब्या,

ती मुलगी 'उठू नका' म्हणाली तेव्हा तू उठला नाहीस, ही तुझ्या आयुष्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट. माझं तोंड तुला माहीत आहे, म्हणून सरळ लिहून टाकते: तू गेला असतास तर मी पुन्हा कुणाला तोडून बोलले नसते, आणि बोलल्याशिवाय मला जगता येत नाही, तेव्हा मीही गेले असते. पुढच्या आठवड्यात येतेय. तुझी नाडी मी स्वतः मोजणार, आणि रोजचे सगळे आकडे मला पाठवायचे. काखेचेसुद्धा.

बुवांनी माझं वाक्य वापरलं ते वाचून मी पेला फोडला. तुझ्या भावोजींनी नवीन आणून ठेवलाय, प्लास्टिकचा. चारशे संदर्भांत बुवांना एक खरं वाक्य सापडलं नाही, आणि जे सापडलं ते माझं. असल्या माणसावर रागसुद्धा खर्च करू नये असं मी रोज ठरवते आणि रोज करते. त्यांच्या गोळ्यांचा अहवाल तुझ्या डॉक्टरांकडून घेऊन मी औषधांच्या तपासनीसाकडे पाठवलाय. पत्राखाली पूर्ण नाव घातलंय, मासिकातल्या पदासकट. बुवांना प्रस्तावना हवी होती ना, ती ही.

आता पाटी. खबरदार तिला हात लावलास तर. रोज माणसं त्या दारातून आत जातात, पुस्तक घेतात, फोटो बघतात, संत्रं बघतात. आत त्यांना जे सांगतात त्यातलं काहीच खरं नाही. वर मात्र ज्या हाताने त्या गोळ्या गिळल्या, त्याच हाताने थरथरत रंगवलेली भली मोठी पाटी आहे, रस्त्याच्या त्या टोकावरून वाचता येईल अशी. भट्टीबुवांच्या सगळ्या कारभारात पुरावा म्हणावा असं तेवढंच आहे.

राहू दे ती तिथेच, तुझ्या सहीसकट.

ताई